जर्मनीत कुशल कामगार म्हणून जायचंय? आधी आपला कागद तपासा

जर्मनीला माणसं हवीत, यात काही खोटं नाही. १९५५ ते १९६९ या काळात जन्मलेली तिथली मोठी पिढी निवृत्त होत चालली आहे आणि तिच्या जागी यायला पुरेसे तरुण नाहीत. न्यूरेंबर्गच्या सरकारी रोजगार संशोधन संस्थेचा हिशेब सांगतो की मनुष्यबळ आहे तेवढं टिकवायचं म्हटलं तरी जाणारे वजा करून वर्षाला सुमारे चार लाख लोक बाहेरून यायला हवेत. पण माणसं हवीत म्हणजे कुणीही चालेल, असं मात्र नाही. जर्मन कायदा तुमच्या हातातलं कसब बघण्याआधी त्या कसबाचा कागद बघतो. आपल्याकडचे बहुतेक उमेदवार नेमकं उलट करतात: आधी एजंट गाठतात, मग भाषेचा क्लास लावतात आणि आपला कागद तिथे चालतो का, हे पैसे गेल्यावर कळतं. इथे तोच क्रम सरळ करून सांगितला आहे.

थोडी पार्श्वभूमी

२००० साली जर्मनीने 'ग्रीन कार्ड' नावाची योजना काढली होती. २०,००० संगणक तज्ज्ञ हवे होते आणि अट होती पदवीची किंवा वर्षाला एक लाख मार्क पगाराची. राहायची मुदत मात्र पाचच वर्षं. पाच वर्षांनी गाशा गुंडाळायचा असेल तर बायकामुलांना घेऊन कोण जाईल? ज्यांना दुसरा पर्याय होता ते अमेरिकेला गेले.

तो धडा नंतरच्या कायद्यात दिसतो. कुशल कामगारांच्या स्थलांतराचा कायदा १ मार्च २०२० ला लागू झाला. तो आणखी सैल करणारी दुरुस्ती तीन टप्प्यांत आली: नोव्हेंबर २०२३, मार्च २०२४ आणि जून २०२४. यातल्या कामाच्या परवान्यांवर कायम वास्तव्यापर्यंत जाता येतं. भारताशी वेगळा स्थलांतर करार ५ डिसेंबर २०२२ ला दिल्लीत झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचं जाहीर केलं. या आकड्याने बरेच जण हुरळून जातात. त्या घोषणेने जागा वाढल्या, अटी मात्र एकही कमी झालेली नाही.

पायरी १: तुमचा कागद कोणत्या गटात बसतो?

*पदवी असेल तर.* 'आनाबिन' नावाचा सरकारी माहितीसाठा इंटरनेटवर फुकट उघडतो. तो जर्मन भाषेत आहे, पण ब्राउझरच्या भाषांतरावर काम भागतं. तिथे दोन गोष्टी स्वतंत्रपणे बघायच्या असतात आणि चूक होते ती इथेच. पहिली, तुमचं विद्यापीठ: त्याच्यापुढे 'एच प्लस' असा शेरा हवा. दुसरी, तुमची पदवी: तिच्यापुढे 'एन्टश्प्रिश्ट' किंवा 'ग्लाइशवेर्टिग', म्हणजे जर्मन पदवीच्या तोडीची, असं लिहिलेलं हवं. विद्यापीठ सापडलं की लोक खूश होऊन पान बंद करतात. पदवीचं पान न काढल्यामुळे मग अर्ज अडकतो. दोन्ही पानं पीडीएफ करून ठेवा.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक खुलासा. पदवी देतं विद्यापीठ, त्याला संलग्न कॉलेज नव्हे. त्यामुळे कॉलेजचं नाव शोधून 'सापडत नाही' म्हणून घाबरू नका. पदवीच्या कागदावर ज्या विद्यापीठाचं नाव छापलंय ते शोधा. विद्यापीठाचं नाव मध्यंतरी बदललं असेल तर जुनं नावही घालून बघा.

विद्यापीठापुढे 'एच प्लस-मायनस' असेल किंवा पदवीच सापडत नसेल, तर बॉन शहरातल्या 'झॅब' या केंद्रीय कार्यालयाकडे पदवी-मूल्यांकनाचा अर्ज करायचा. शुल्क २०८ युरो. हा कागद एकदा मिळाला की पुढे कुठेही चालतो, त्यामुळे शंका असेल तर हे पैसे वाचवू नका.

*डिप्लोमा किंवा आयटीआय असेल तर.* पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तिथे पदवीत मोडत नाही, व्यावसायिक प्रशिक्षणात मोडतो. त्याला दोन अटी: प्रशिक्षण किमान दोन वर्षांचं आणि भारतात सरकारमान्य. तीन वर्षांचा डिप्लोमा यात सहज बसतो. आयटीआयमध्ये मात्र ट्रेड बघावा लागतो. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर, सुतारकाम हे एक वर्षाचे. म्हणजे वीस वर्षं पाइप जोडणारा निष्णात प्लंबर एक वर्षाच्या सर्टिफिकेटवर या कायद्याच्या बहुतेक दारांबाहेर राहतो आणि नुकताच पास झालेला फिटर आत जातो. अन्याय वाटेल, पण कायदा असाच आहे, आणि 'ते आम्ही मॅनेज करतो' म्हणणाऱ्या एजंटाला तो बदलता येत नाही.

डिप्लोमा-आयटीआयवाल्यांनी झॅबकडून 'तुमचं प्रशिक्षण भारतात सरकारमान्य आहे' असं सांगणारं पत्र ऑनलाइन मागवायचं. ही मान्यता नव्हे, नुसती खातरजमा. पूर्ण मान्यता, म्हणजे तुमचं प्रशिक्षण जर्मन प्रशिक्षणाच्या तोडीचं आहे असा निर्णय, हवा असेल तर उद्योग-व्यापारातल्या धंद्यांसाठी न्यूरेंबर्गचं 'इहाका फोझा' हे कार्यालय आणि कारागिरीच्या धंद्यांसाठी तिथल्या त्या जिल्ह्याची कारागीर सभा. पूर्ण मान्यतेचं शुल्क साधारण १०० ते ६०० युरोंच्या दरम्यान पडतं.

*नर्स, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, शिक्षक.* हे व्यवसाय परवान्याचे. मान्यता मिळेपर्यंत त्या हुद्द्याने काम करता येत नाही आणि मान्यता प्रत्येक राज्याचं आपापलं कार्यालय देतं. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना बहुधा 'त्रुटी-पत्र' येतं: तुमच्या अभ्यासक्रमात अमुक विषयांचे तास कमी पडतात. त्याने खचू नका, ते अपेक्षितच आहे. त्रुटी भरून काढायला जर्मनीत पूरक प्रशिक्षण घ्यायचं किंवा ज्ञान-परीक्षा द्यायची. तोवर पगार मदतनिसाचा मिळतो, नर्सचा नाही. करार वाचताना हे दोन आकडे वेगवेगळे लिहिलेत का ते बघा.

पायरी २: कोणतं दार?

*ब्ल्यू कार्ड.* काम करण्याचा आणि राहण्याचा परवाना, पदवीधरांसाठी सगळ्यात चांगला. नोकरीचा करार हातात हवा, तो किमान सहा महिन्यांचा हवा आणि पगार ठरावीक मर्यादेच्या वर हवा. तिथे पेन्शन विम्याचा हप्ता ज्या कमाल पगारापर्यंत कापला जातो, त्या पगाराशी ही मर्यादा बांधलेली आहे: त्याच्या ५० टक्के. २०२६ साठी वर्षाला ५०,७०० युरो. अभियंते, संगणक तज्ज्ञ, डॉक्टर अशा तुटवड्याच्या व्यवसायांना आणि गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांना ४५.३ टक्के, म्हणजे ४५,९३४.२० युरो. आकडे दर १ जानेवारीला बदलतात. डिसेंबरमध्ये मर्यादेवर कसाबसा बसणारा करार जानेवारीत नापास होऊ शकतो, म्हणून कंपनीशी बोलताना हजार-दोन हजार युरो वर मागा. आणि बोनस धरून मर्यादा गाठलेली असेल तर सावध: बोनसची हमी करारात नसेल तर तो मोजला जात नाही.

संगणक क्षेत्रात पदवी नसली तरी ब्ल्यू कार्ड मिळतं, गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा त्या पातळीचा अनुभव दाखवता आला तर. पगाराची मर्यादा कमी असलेलीच.

*अनुभवाचं दार.* परवाना लागत नाही अशा व्यवसायांसाठी. दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण, गेल्या पाच वर्षांत दोन वर्षं अनुभव आणि २०२६ साठी किमान ४५,६३० युरो पगार. जर्मन मान्यतेची गरज नाही. चाकण, वाळूज, सातपूरच्या कारखान्यांत सीएनसी, पीएलसी, मेंटेनन्स सांभाळणाऱ्या डिप्लोमावाल्यांसाठी हे दार खरं तर मोठं आहे. त्याची जाहिरात मात्र फारशी कुणी करत नाही, कारण त्यात विकायला क्लास नाही.

*मान्यता-भागीदारी.* जाऊन काम सुरू करायचं आणि मान्यतेची प्रक्रिया तिथे राहून पुरी करायची. कंपनी आणि कामगार दोघांनी तसं लिहून द्यायचं. जर्मन किमान ए-टू (भाषेच्या पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन अशा चढत जातात). जास्तीत जास्त तीन वर्षं.

*आउसबिल्डुंग.* बारावीनंतरच्या मुलांसाठी दोन ते साडेतीन वर्षांचं प्रशिक्षण: आठवड्यातले काही दिवस व्यवसाय-शाळा, काही दिवस कंपनी. बहुतेक धंद्यांत महिन्याला १,००० ते १,३०० युरोंच्या आसपास विद्यावेतन मिळतं. जर्मन बी-वन हवं आणि ते खरोखर हवं, कारण गणितापासून कायद्यापर्यंत सगळं जर्मनमध्ये शिकायचं असतं. ज्यांचा ट्रेड एक वर्षाचा आहे आणि वय कमी आहे, त्यांच्यासाठी नव्याने सुरुवात करायचा हा सरळ रस्ता.

*शान्सेनकार्टे, म्हणजे संधी-कार्ड.* जून २०२४ पासूनचं. नोकरी हातात नसताना जर्मनीत जाऊन ती शोधायची मुभा, एक वर्षापर्यंत. त्या काळात आठवड्याला २० तास कोणतंही काम आणि प्रत्येक मालकाकडे दोन आठवड्यांपर्यंत चाचणी-काम करता येतं. याबद्दल गैरसमज इतके आहेत की जरा थांबून बघू.

ज्यांची पदवी आनाबिनवर तोडीची ठरते किंवा ज्यांना पूर्ण मान्यता मिळाली आहे, त्यांना गुण मोजायचेच नसतात. ते थेट पात्र असतात. बाकीच्यांना आधी प्रवेशाच्या अटी: दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण किंवा पदवी, आणि जर्मन ए-वन किंवा इंग्रजी बी-टू. त्यानंतर सहा गुण. गुण असे:

– अर्धवट मान्यता, म्हणजे त्रुटी-पत्र हातात: ४
– गेल्या सात वर्षांत पाच वर्षं अनुभव: ३, गेल्या पाच वर्षांत दोन वर्षं: २
– जर्मन बी-टू किंवा वर: ३, बी-वन: २, ए-टू: १
– इंग्रजी सी-वन: १
– वय ३५ पर्यंत: २, ४० पर्यंत: १
– तुटवड्याचा व्यवसाय: १
– गेल्या पाच वर्षांत सहा महिने जर्मनीत कायदेशीर वास्तव्य: १
– जोडीदारही पात्र आणि सोबत अर्ज करणारा: १

समजा, मेकॅनिकल डिप्लोमा, वय ३३, सहा वर्षं नोकरी, जर्मन ए-टू. वयाचे २, अनुभवाचे ३, भाषेचा १. झाले सहा. आता त्याच कागदावर वय ४१ धरा: वयाचे शून्य, अनुभवाचे ३, ए-टूचा १, एकूण चार. इथे बी-वन केलं तर पाच. सहावा गुण इंग्रजी सी-वनचा, त्यासाठी आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेत ७ लागतात. म्हणजे चाळिशी ओलांडलेल्याला वर्षभराची भाषेची मेहनत जास्त. आणि अनुभव त्या प्रशिक्षणाशी संबंधित, प्रशिक्षणानंतरचा हवा. डिप्लोमा मेकॅनिकलचा आणि पाच वर्षं कॉल सेंटरमध्ये, तर शून्य.

आमचं मत स्पष्ट सांगतो. संधी-कार्ड हे शेवटचं दार समजा. भाषा बी-वनच्या खाली असताना हे कार्ड घेऊन गेलेल्या माणसाला वर्षभर नोकरी शोधायला मिळते, पण मुलाखतीत बोलता येत नाही. तो २० तास गोदामात काम करतो, बचत भाड्यात जाते आणि वर्ष संपतं. अर्ज भारतात बसूनही करता येतात. करार इथे मिळाला तर वरचं कोणतंही दार स्वस्त पडतं.

वय ४५ ओलांडलं असेल आणि पहिल्यांदाच जात असाल, तर ब्ल्यू कार्ड सोडून इतर कामाच्या परवान्यांना पगाराची अट आणखी वर जाते (२०२६ साठी ५५,७७० युरो), नाहीतर म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते.

पायरी ३: भाषा

जर्मन भाषा शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या (आपल्याकडचं मॅक्सम्युलर भवन) अंदाजाप्रमाणे शून्यापासून बी-वनपर्यंत ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात, बी-टूपर्यंत ६०० ते ८००. 'तीन महिन्यांत बी-वन' हा हिशेब यात कुठे बसतो ते तुम्हीच बघा.

व्हिसासाठी गोएथे, टेल्क, ओएसडी यांसारख्या मान्य परीक्षांचंच प्रमाणपत्र चालतं. क्लासचं किंवा विद्यापीठाच्या भाषा विभागाचं सर्टिफिकेट शिकण्यासाठी उत्तम, व्हिसासाठी नाही. मुंबई आणि पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात परीक्षा होतात; जागा पटकन भरतात, म्हणून तारीख जाहीर होण्याच्या दिवशीच नोंदणी करायची तयारी ठेवा. बी-वनला वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार स्वतंत्र भाग असतात. एक भाग गेला तर तेवढाच पुन्हा देता येतो.

पायरी ४: कागदपत्रं, आणि नावांचा घोळ

आपल्याकडचा सगळ्यात मोठा अडसर नावांचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'जाधव प्रिया सुनील', पदवीवर 'प्रिया सुनील जाधव', पासपोर्टवर लग्नानंतरचं 'प्रिया अमोल कदम'. जर्मन कारकुनाच्या दृष्टीने ह्या तीन वेगळ्या बायका आहेत. आडनाव आधी लिहायची आपली पद्धत त्याला माहीत नसते. तो 'सुनील' हेच आडनाव धरतो. म्हणून अर्जाआधी पासपोर्टमध्ये नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत नीट आहेत का ते बघा, विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा आणि नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद काढून ठेवा. नाव बदललंच नसेल आणि फक्त क्रम वेगळा असेल, तर तसं प्रतिज्ञापत्र पुरतं.

दुसरा अडसर अनुभवपत्राचा. 'अमुक हे आमच्याकडे अमुक ते अमुक काळात नोकरीस होते, त्यांना शुभेच्छा' अशा दोन ओळींच्या पत्राला तिथे किंमत नाही. पत्रात सुरुवात-शेवटाची तारीख, हुद्दा, आठवड्याचे तास आणि प्रत्यक्ष काम हवं: कोणती यंत्रं, कोणती जबाबदारी, हाताखाली किती लोक. कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्का आणि सही करणाऱ्याचा हुद्दा. जोडीला पीएफचं पासबुक आणि पगारपत्रकं. ठेकेदारामार्फत काम केलं असेल तर पत्र ठेकेदाराचं आणि पीएफही त्याच्याच नावावर हवा. नाहीतर कारखान्यात काढलेली वर्षं कागदावर उरत नाहीत.

तिसरी गोष्ट अपोस्टिलची, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारल्या जाणाऱ्या सरकारी शिक्क्याची. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या करारात आला, पण जर्मनीने भारताबाबत हरकत नोंदवलेली आहे आणि ती कायम आहे. म्हणून जर्मनीसाठी भारतीय कागदांवर अपोस्टिल मारून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. ज्या कागदाची खात्री करायची असते त्याची जर्मन वकिलात स्वतः पडताळणी करते. 'पूर्ण पॅकेज, अपोस्टिलसह' असं सांगणाऱ्याची पारख इथेच होते.

मान्यता देणाऱ्या कार्यालयांना बहुधा शपथबद्ध भाषांतरकाराचं जर्मन भाषांतर लागतं. आधी कोणते कागद हवेत ते विचारा, मगच भाषांतर करा. पानागणिक पैसे जातात.

पायरी ५: नोकरी आणि करार

जर्मन रोजगार खात्याचं नोकऱ्यांचं संकेतस्थळ, 'मेक इट इन जर्मनी' हे सरकारी पोर्टल, लिंक्डइन. बायोडेटा दोन पानांचा, ताजं काम आधी. धर्म, वडिलांचं नाव, छंद वगैरे गाळा. जर्मनची पातळी जेवढी आहे तेवढीच लिहा, कारण मुलाखतीचं पहिलं वाक्यच जर्मनमध्ये असतं.

करारात बघायच्या गोष्टी: वार्षिक ढोबळ पगार, आठवड्याचे तास (४० तासांना मर्यादा गाठणारा पगार ३० तासांना गाठत नाही), उमेदवारीचा काळ (प्रोबेशन, बहुधा सहा महिने) आणि परतफेडीचं कलम. नर्सिंगमध्ये हे कलम हमखास असतं: भाषेचा आणि प्रवासाचा खर्च मालकाने केला, तुम्ही दोन-तीन वर्षांच्या आत सोडलंत तर परत द्यायचा. रक्कम आणि ती महिन्यागणिक कशी घटते, हे लिहिलेलं नसेल तर सही करू नका.

ढोबळ पगार आणि हातातला पगार यांत बरंच अंतर आहे. वर्षाला ५०,००० युरो मिळवणाऱ्या एकट्या माणसाचे कर, पेन्शन, आरोग्य विमा, बेरोजगारी विमा कापून महिन्याला साधारण २,६०० ते २,७०० युरो हातात येतात. या आकड्याला शंभराने गुणून रुपये काढण्याआधी त्यातून म्युनिचचं भाडं वजा करा.

कंपनीला घाई असेल तर तिला 'जलद कुशल कामगार प्रक्रिया' सुचवा. ती तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात ४११ युरो भरून अर्ज करते. मान्यता लागत असेल तर तिचा निर्णय दोन महिन्यांत, वकिलातीची भेट तीन आठवड्यांत आणि व्हिसाचा निर्णय त्यानंतर साधारण तीन आठवड्यांत, अशी मुदत कायद्यानेच घालून दिली आहे. छोट्या गावातल्या कंपन्यांना ही सोय अनेकदा माहीत नसते.

पायरी ६: पैसा

करार असेल तर वेगळी बचत दाखवायची गरज सहसा पडत नाही. संधी-कार्डासाठी मात्र महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो 'श्पेअरकोन्टो' या बंद खात्यात ठेवायचे (२०२५ पासूनचा आकडा). महिन्याला ठरलेलीच रक्कम बाहेर येते. भारतातून एका आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर पैसे पाठवले की बँक टीसीएस नावाचा कर आगाऊ कापते. तो बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण तेवढी रोकड काही महिने अडकते. तो हिशेब आधी धरा. तिथे राहणाऱ्या नातेवाइकाचं हमीपत्र किंवा अर्धवेळ नोकरीचा करार हेही पर्याय आहेत.

एजंटाबद्दल दोन आकडे लक्षात ठेवा. परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेला एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, इतकंच घेऊ शकतो. नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. नर्सिंगमध्ये तर चांगले जर्मन मालक हा खर्च स्वतः उचलतात. चार-पाच लाख मागणारा जे विकतो, ते बहुधा वकिलातीच्या संकेतस्थळावर फुकट लिहिलेलं असतं.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, सुरुवातीचं लक्ष्य १०,००० जणांचं. श्टुटगार्ट त्या राज्याची राजधानी, मुंबईशी तिचं भगिनी-शहराचं नातं १९६८ पासूनचं. या योजनेत नाव असेल तर भाषा शिकायला मदत होते. पण सरकारी करार म्हणजे नोकरी नव्हे: मान्यता, करारपत्र आणि व्हिसा प्रत्येकाला आपापला मिळवावा लागतो, आणि एक वर्षाच्या ट्रेडचा प्रश्न योजनेतल्या उमेदवारालाही चुकत नाही.

पायरी ७: व्हिसा

२०२५ पासून कुशल कामगारांच्या व्हिसाचा अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो. कागद अपलोड केले की आधी छाननी होते, काही कमी असेल तर कळवलं जातं, मग बोटांचे ठसे द्यायला भेट मिळते. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. शुल्क ७५ युरो.

अर्ज फेटाळला जायची नेहमीची कारणं चुकीचा व्हिसाप्रकार निवडणं, मालकाने भरून द्यायच्या 'नोकरीची माहिती' या फॉर्ममधला पगार करारातल्या पगाराशी न जुळणं, आनाबिनचं अर्धंच पान आणि संशयास्पद अनुभवपत्र. पूर्वी नकाराविरुद्ध वकिलातीकडेच लेखी फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नव्याने अर्ज, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. म्हणून पहिलाच अर्ज पुरा असू द्या.

पायरी ८: पहिला महिना

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची. तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ते देणार नाही असं म्हणणाऱ्याचं घर घेऊ नका, कारण या एका कागदावर बँक, कर क्रमांक, राहण्याचा परवाना सगळं लटकलेलं असतं.

नोंदणी झाली की कर क्रमांक टपालाने येतो. आता खाली जाऊन टपालपेटी बघा. तिच्यावर तुमचं आडनाव चिकटवलेलं नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत पाठवतो. इमारतीचा क्रमांक बरोबर असला तरी. तिथे फ्लॅटला नंबर नसतो, नाव हाच नंबर. दुसऱ्याच्या घरात खोली घेतली असेल तर त्याच्या नावाखाली आपल्या नावाची चिठ्ठी लावा. कर क्रमांक मालकाकडे वेळेत पोचला नाही तर पहिल्या पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जातो. तो नंतर परत मिळतो, पण पहिल्याच महिन्यात ते परवडत नाही.

घराची अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी, ही कायद्याची मर्यादा. 'रिकामं घर' म्हणजे बऱ्याचदा खरोखर रिकामं: ओटा, सिंक, शेगडीसुद्धा भाडेकरूने आणायची. पहिलं वर्ष सामानासह घर बघा. घरटी महिन्याला १८.३६ युरो प्रसारण-शुल्क भरावं लागतं, टीव्ही नसला तरी. ते पत्र फसवणुकीचं समजून फेकू नका.

भारतीय वाहन परवाना सहा महिने चालतो, नंतर तिथली परीक्षा द्यावी लागते.

पुढचं

ब्ल्यू कार्डवर २७ महिन्यांनी कायम वास्तव्य मिळू शकतं, तेव्हा जर्मन ए-वन पुरतं. बी-वन असेल तर २१ महिन्यांनी. त्यासाठी दर महिन्याला पेन्शन विम्याचा हप्ता गेलेला लागतो, म्हणून पगारपत्रकं पहिल्या महिन्यापासून एका फाइलमध्ये लावा. पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलायची असेल तर परदेशी नागरिक कार्यालयाला आधी कळवा. ब्ल्यू कार्डधारकाच्या जोडीदाराला येण्यासाठी जर्मन परीक्षेची अट नाही आणि आल्यावर कामाची मुभा असते.

नागरिकत्वासाठी पाच वर्षं. जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. जर्मन पासपोर्ट हाती आला की भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) घ्यायचं, आणि गावाकडे शेतजमीन असेल तर वकिलाला आधी भेटायचं: ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली मात्र ठेवता येते.